चाकांवरची गव्हाण

बातमी आली तेव्हा मी सांवेर रोडवरच्या माझ्या कारखान्यात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. टाकी गळते असं त्याचं म्हणणं. गळत नाही, पावसाळ्यात पत्र्याला घाम येतो, असं माझं. वाद ऐन रंगात आला होता आणि मी जवळजवळ जिंकत होतो, तेवढ्यात फोन वाजला. भेरूलालचा होता. सिमरोलच्या पुढे, घाटाच्या अलीकडे एका गोशाळेचं मोठं कुरण आहे. भेरू तिथली गुरं चारतो आणि सकाळी मोटरसायकलला कॅन लटकवून मल्हारगंजात दूध घालतो. त्याचा फोन मला एकाच कारणासाठी येत असे: गव्हाणीचं चाक जाम झालं. म्हणून गिऱ्हाइकावरचा राग त्याच्यावर काढत मी म्हटलं, "बोल भेरू, अब कौन सा चक्का?" पलीकडे गल्लीतला गोंगाट. मग तो म्हणाला, "भिया... जीजी गयी." आणि मी, डोक्यावर एकही काळा केस न उरलेला, नातवंडं असलेला माणूस, काय म्हणालो असेन? "कहाँ गयी? डॉक्टर ने मना किया है ना? बता के तो जाना था!"

आता यात माझी तरी काय चूक? कुंदाताई, म्हणजे भेरूची जीजी, अशा जातच असत. दवाखान्यातून घरी आल्यावर जिना उतरायचा नाही अशी सक्त ताकीद होती, तरी एका सकाळी त्या घरातून गायब झाल्या होत्या. सापडल्या कुठे, तर कुरणात, पायात गमबूट. तेव्हा 'गयी' म्हणजे पुन्हा सिमरोलला गयी, एवढंच माझ्या डोक्यात आलं.  फोनमधून भेरूचं रडू ऐकू आलं तेव्हा कुठे मला कळलं. दूध घालायला तो त्यांचा जिना चढला होता. दार लोटलेलं, खुर्चीत ताई बसलेल्या, समोर चहा तसाच... समोरच्या गिऱ्हाइकाला मी म्हटलं, "टाकी गळते. बदलून देतो." तो बिचारा घाबरून निघूनच गेला.

कुंदाताई म्हणजे माझ्या बायकोची, नीलाची, थोरली बहीण. मराठीत या नात्याला आक्कडसासू म्हणतात. ज्यानं हा शब्द काढला त्यालाही एक कुंदाताई भेटलेली असणार. नीला शाळेत जायच्या आधीच आई गेली, तेव्हापासून तिची वेणी घालणं, तिला पाढे म्हणायला लावणं, तापात उशाशी बसणं, सगळं ताईंनीच केलं. स्वतः लग्न केलं नाही. नीलाला दाखवायच्या कार्यक्रमातही समोर मुलाखत घ्यायला त्याच. सेव-जिरावन मसाला घातलेल्या पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "घरी कधी गाय होती का?" नव्हती. पण छाप पाडायची होती. "हो तर, लहानपणी होती ना." "काय खायची?" "गवत." "कोणतं?" इथे माझी विकेट उडाली. मी जरा विचार करून म्हणालो, "हिरवं." नीला आत पळाली ती हसायला. ताई मात्र हसल्या नाहीत. मागाहून तिला म्हणाल्या म्हणे, "मुलगा थापा मारतो, पण त्याला त्या जमत नाहीत. करून टाक." पुढे जन्मभर चारचौघांत माझी ओळख त्या अशीच करून देत, "हे आमचे मधुकरराव. हिरवं गवत यांना ओळखता येतं."

गवत त्यांच्या रक्तातच होतं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते. घोड्यावर बसणाऱ्यांत नव्हे, घोड्यांचं गवत राखणाऱ्यांत. माळव्यात राखून ठेवलेल्या गवताला बीड म्हणतात, तशी कितीतरी बीडं त्यांच्या ताब्यात असत. पुढच्या पिढ्या कारकून झाल्या, आणि ताईंनी वनस्पतिशास्त्र घेऊन गाडी परत गवतावर आणली. शेतकी कॉलेजात शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. ताई गोशाळेच्या ट्रस्टींकडे गेल्या आणि म्हणाल्या, तुमचं कुरण मला द्या. पगार नको. ट्रस्टींना वाटलं, बाई भोळी आहे. कुरण कसलं, क्रिकेटचं मैदान होतं ते. दोन-तीन पावसाळे गुरं आळीपाळीनं फिरवून त्यांनी तिथे मारवेल आणि पवन्या परत आणला. ही नावं आता मी अशी फेकतोय, पण दोन्ही गवतं शेजारी ठेवलीत तर मी आजही सांगेन: हिरवं.

आणि मग त्या फुललेल्या कुरणात आपले पराक्रमी जावईबापू उतरले. ताईंच्या वाढदिवसाला काय द्यावं याचा मी विचार करत होतो. साडी त्या नेसत त्याच चार, दागिने घालत नसत. मग एकदम सुचलं की आपण पत्र्याचं काम करतो, गाईंना एक अशी गव्हाण करून द्यावी की बघत राहावं! स्टेनलेस स्टीलची, कडा गोल वळवलेली, चकचकीत. फाटकाशेजारी सिमेंटचे ओटे बांधून त्यात ती बोल्ट मारून पक्की केली. नारळ फोडला. गोशाळेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे बाबूजी म्हणतात, त्यांनी भाषण केलं आणि रोज सरकी आणि चापड, म्हणजे गव्हाचा कोंडा, भरून देण्याची सोय लावून दिली. ताई बाजूला उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मधुकरराव, हिला चाकं नाहीत?" मी म्हटलं, "ताई, माझं काम म्हणजे काम. भूकंप आला तरी हलणार नाही!" त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, कौतुक आहे.

तो पावसाळा सरत आला तेव्हा मी आपली कलाकृती बघायला गेलो. गाई सगळ्या फाटकाशी. जणू कुठल्या कचेरीची खिडकी उघडायची आहे आणि साहेब अजून चहाला गेलेत, तशा रांगेनं उभ्या. सरकी यायची वेळ त्यांना पाठ झाली होती. गव्हाणीभोवती गवताचं नाव नाही, नुसता राडा, शेण आणि कडेनं टाकळा आणि गाजरगवत. पण लांब बघतो तर काय, उत्तरेच्या कोपऱ्यात खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडांपलीकडे कमरेएवढं गवत डुलतंय! मी खूश. "ताई, बघा! माझ्या गव्हाणीनं तुमचं गवत वाचवलं. गाई भरल्या पोटी, गवतही शाबूत!" ताईंनी मला त्या गवतात नेलं, एक ठोंब उपटून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पानं एका हातात घ्या, काड्या एका हातात." मी निवडत बसलो. काड्यांची मोळी झाली. पानं म्हणाल तर चिमूटभर, तीही खालची पिवळी पडून सडलेली. "हे वाचलं नाही, मधुकरराव. हे म्हातारं झालं. वेळेवर खाल्लं नाही की गवत पानं सोडून नुसत्या काड्या धरतं, सावलीनं खालचे फुटवे मरतात. मग गाय त्याला तोंड लावत नाही. तोंड लावत नाही म्हणून ते आणखी वाढतं." मग वाटेतले खुजे हिरवे तुकडे दाखवले. गाई जेवढं चरत होत्या तेवढं तिथेच, कोवळं फुटलं की पुन्हा तेच, मुळापर्यंत. एकीकडे टक्कल, एकीकडे जटा, आणि मध्ये ज्याला कुरण म्हणावं असं काही नाही.

मी तरीही वाद घातला. (वादात मी नेहमी जवळजवळ जिंकतो.) म्हटलं, "पण ताई, आपण दिलं ते वरचं ना? गवताच्या जोडीला. ते खाऊनसुद्धा गाईनं चरायला काय हरकत आहे?" त्याचं उत्तर ताईंनी दिलं ते आमच्याकडे जेवताना. घरी नीलानं पानं घेतली. मी भाजी चिवडत होतो. ताटाकडे बघत ताई शांतपणे म्हणाल्या, "नीले, काल हे कुठे होते?" "कारखान्यात. उशीर झाला म्हणाले." "राजवाड्यावरून चालत सराफ्यात खायला गेले होते. भुट्ट्याचा कीस, त्याच्यावर कचोरी. मला भेरूनं सांगितलं, तो शेजारच्या ठेल्यावर होता." मग माझ्याकडे वळून, "वरचं खाल्लंत ना? जोडीला? आता नीलाची दोडक्याची भाजी का जात नाही? गाईचंही तसंच. पावसाळ्यात, ताटात एवढं चांगलं वाढलेलं असताना दाराशी सरकी ठेवली की तेवढं गवत ती सोडते. आणि सोडलेलं गवत तसंच थांबत नाही." सोडलेली दोडक्याची भाजीही तशीच थांबली नाही. आठवडाभर रोज पानात आली.

पण ताई खुराकाच्या विरुद्ध होत्या असं कुणी समजू नये. तसं समजून मी एकदा उन्हाळ्यात सगळी सरकी बंद करायची सूचना दिली आणि तिथेही बोलणी खाल्ली. "चैत्र-वैशाखात गवत वाळून कोळ झालेलं असतं. तेव्हा मूठभर सरकी म्हणजे कोरड्या भाकरीबरोबरचं लोणचं. ती असेल तरच भाकरी घशाखाली उतरते. पावसाळ्यात तीच सरकी म्हणजे पंगत बसायच्या आधी वाढलेली बासुंदी. द्यायची की नाही हा प्रश्नच नाही, मधुकरराव. कधी, किती आणि कुठे!" या 'कुठे'साठी त्यांनी माझी भूकंपालाही न डगमगणारी गव्हाण माझ्याकडूनच गॅसकटरनं कापवून घेतली आणि तिला ट्रॉलीची चाकं लावायला लावली. लावली. ब्रेक मात्र लावायचा राहिला. पहिल्याच दिवशी खाखऱ्याच्या चढावर मी तिला दिमाखात सोडलं आणि ती निघाली नाल्याकडे. पुढे गव्हाण, मागे मी, माझ्यामागे सरकीच्या वासानं पळत सुटलेल्या समस्त गोमाता. भेरू ओरडतोय, "भिया, बाजू हो जाव!" मी नाल्यातल्या चिखलात बसकण मारली आणि गाई माझ्या दोन्ही बाजूंनी जाऊन निवांत सरकी खायला लागल्या. वर काठावर ताई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. त्यांना तेवढं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "अहो, उठू नका!" त्या वरून ओरडल्या. "नाल्याकाठी गेल्या वर्षभरात एक गाय फिरकली नव्हती. बरोबर जागी नेलीत!"

तेव्हापासून ती पद्धतच झाली. ताईंच्या काळ्या गमबुटांवर ऑइलपेंटच्या दोन रेघा होत्या. घोट्याच्या वर पांढरी, गुडघ्याच्या खाली लाल. रोज त्या साडी खोचून कुरणातून चालत. गवत पांढऱ्या रेघेखाली गेलं की तिथून गुरं हलवायची, लाल रेघेवर चढलं की तिथे न्यायची. न्यायची म्हणजे हाकायची नाहीत. सकाळभर त्यांना मोकळं चरू द्यायचं आणि दुपारी गव्हाण तिथे ढकलत नेऊन त्यात थोडासाच खुराक टाकायचा. गाई आपसूक जात. जाताना काड्या तुडवल्या जात, तोंडाशी येईल ते खाल्लं जाई, शेणही तिथेच पडे. पुढच्या फेरीला त्याच जागी कोवळी पानं. "गव्हाण म्हणजे माझं बोट आहे," त्या म्हणत. "मी दाखवते, त्या जातात."

खरी अडचण होती पुण्यवान लोकांची. आपल्याकडे वाढदिवस असो, अमावास्या असो, कुणी गेलेलं असो, माणूस गाईला घास द्यायला निघतो. आणि पितृपक्षात तर विचारू नका. शहरातून मोटारी येत, लापशी, पुऱ्या, गूळ, केळी. सगळं फाटकाशी ओतायचं, हात जोडायचे, फोटो काढायचा आणि परत. एकदा लापशीनं एका गाभण गाईचं पोट फुगलं, ती वाचता वाचता वाचली. त्यानंतर ताईंनी नियम केला: शिजवलेलं काही नाही, सरकी आणायची, आणि ज्याला घास द्यायचा आहे त्यानं गव्हाण ताई दाखवतील तिथपर्यंत स्वतः ढकलत न्यायची. बाबूजी पहिले सापडले. पांढरं धोतर, पायात मोजे-बूट. निम्म्या वाटेत कुसळं मोज्यांत घुसली तसे ते थांबले. "मास्टरनी जी, हम पुन्न कमाने आये हैं कि हम्माली करने?" ताई शांतपणे म्हणाल्या, "बाबूजी, फाटक के पास का पुन्न तो लोग सब उठा ले गये. उधर कोने में अभी ढेर पड़ा है, किसी ने हाथ नहीं लगाया." बाबूजी माणूस व्यापारी. त्यांनी धोतर वर खोचलं आणि गव्हाणीची गाडी कोपऱ्यापर्यंत नेली. घरी जाऊन कुसळं काढताना त्यांनी ताईंना काय काय म्हटलं ते मला माहीत आहे, छापण्यासारखं नाही. पण पुढच्या अमावास्येला मोज्यांशिवाय हजर होते.

या सगळ्यात नीला कुठे होती, असं कुणी विचारेल. नीला फाटकाच्या आत कधी फारशी गेलीच नाही. ती गाडीत बसून राही. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यालाही थोडं कळतं. आपल्याला वाढवणाऱ्या बहिणीनं उतारवयात आपल्याकडे यावं, आपल्या हातचं खावं, असं तिच्या मनात होतं. ताई मल्हारगंजातल्या त्या दोन खोल्यांत राहिल्या, जिथे दोरीवर कपड्यांपेक्षा गवताच्या जुड्या जास्त वाळत असत, आणि उरलेला सगळा जीव त्यांनी कुरणाला दिला. नीलाची सवत म्हणजे गवत.

दवाखान्यात मात्र ताई तिच्या ताब्यात होत्या. नीला दर तासाला काहीतरी घेऊन उभी: सूप, पेज, प्रोटीनची पावडर. ताईंचं जेवण सुटलं होतं. शेवटी म्हणाल्या, "नीले, तू माझ्या तोंडाशी गव्हाण बांधलीस. मग मी उठून चरायला कशी जाणार?" नीला रुसून बाहेर गेली. तेव्हा ताई मला हळूच म्हणाल्या, "उत्तरेचा कोपरा राहिलाय, मधुकरराव. मी पडल्यापासून गव्हाण फाटकाशीच असणार... भेरूला एकट्याला ढकलवत नाही." मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या व्हा, आपण नेऊ." त्यांनी माझ्याकडे बघितलं. थापा मला जमत नाहीत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या गेल्या श्रावण संपता संपता. तेराव्यानंतर बाबूजी घरी आले. डोळे पुसून म्हणाले, ट्रस्टनं ठरवलंय, मास्टरनीजींच्या स्मरणार्थ फाटकाशीच पक्की गव्हाण बांधायची. सिमेंटची, वर पत्र्याची शेड, आणि संगमरवरावर त्यांचं नाव, रस्त्यावरून वाचता येईल असं. लोक येतील, घास देतील, नाव घेतील. नीलाचे डोळे भरून आले. आणि मी? मी काय केलं असेल? पेन्सिल काढली आणि शेडचं ड्रॉइंग काढायला बसलो. सवय हो, हाताला लागलेली! उतार कुठे द्यायचा इथपर्यंत आलो तेव्हा मला एकदम ताईंचा आवाज आला: 'हिला चाकं नाहीत?' बाबूजी गेल्यावर मी भीत भीत नीलाला म्हटलं, "अगं, हे ताईंना..." तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही. "माहीत आहे मला. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे तिला काय आवडायचं. पण तिला मूल ना बाळ. आपण दोघं गेलो की कोण म्हणणार कुंदा म्हणून कुणी होती? एका दगडावर तिचं नाव असलं तर कुणाच्या गवताचं काय बिघडणार आहे?"  काय बिघडणार आहे हे मला चांगलं ठाऊक होतं; तिची ती एवढीशी इच्छा मोडायचं धैर्य मात्र नव्हतं.

जागा नक्की करायला आम्ही दोघं सिमरोलला गेलो. फाटकाशी तेच दृश्य, माझ्या पहिल्या पराक्रमाचं: राडा, शेण, रांगेत उभ्या गाई आणि मधोमध गव्हाण, ताई आजारी पडल्यापासून तिथून न हललेली. ताई गेल्याचं ऐकून शहरातून लोक सरकीची पोती घेऊन येत होते. सगळं प्रेमानंच. भेरूच्या खोपीत गमबूट उलटे टांगलेले होते. कोपरा बघून यावा म्हणून मी ते काढले आणि पाय घातला. पाय आत निम्मा गेला आणि अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. मी खाटेवर, भेरू माझा बूट ओढतोय, खाटेसकट आम्ही दोघं दारापर्यंत आलो... नीला दारात उभी राहून बघत होती. बूट निघाल्यावर तिनं तो माझ्या हातातून घेतला. खाली बसून दोन्ही घातले. बरोबर बसले. लहानपणी ताईंच्याच जुन्या चपला वापरून ती मोठी झाली होती, पाय दोघींचा एक. साडी खोचली आणि कुणाला काही न सांगता कुरणात चालू लागली.

मी फाटकाशी थांबलो. ती खाखऱ्यांपर्यंत गेली, पलीकडे गेली. मग नुसतं डोकं दिसत राहिलं, मग तेही नाही. बराच वेळ गेला. भेरू म्हणाला, "भिया, छोटी जीजी बिलकुल वैसे ही चलती हैं, नीचे देख के." परत आली तेव्हा पदरात, निऱ्यांत कुसळंच कुसळं. खाटेवर बसून ती एकेक काढत राहिली. "लाल रेघ दिसतच नाही तिकडे," ती म्हणाली. "खांद्याच्या वर गेलंय. सगळ्या काड्या. खाली हात घातला तर सडका वास..." पुन्हा कुसळं काढू लागली. "दवाखान्यात मला म्हणायची, नीले, एकदा आत येऊन बघ. मी म्हणायचे, तू आधी जेव." आणि मग, ताई गेल्यापासून पहिल्यांदा, ती मोठ्यानं रडली. भेरू बाहेर गेला. मी तिच्या निऱ्यांतली कुसळं काढू लागलो. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "पाटी करा. दगडाची नको, स्टीलची. आणि गव्हाणीच्या गाडीला लावा."

बाबूजींना हे पटायला वेळ लागला. "बहन जी, गाड़ी पे नाम? आज इधर, कल उधर. लोगों को दिखेगा कैसे?" नीला म्हणाली, "जिसको देखना है, वो चल के जाएगा, बाबूजी. आप तो गये हैं ना कोने तक?" बाबूजींनी हात जोडले. मग म्हणाले, "आवाज भी वही है." शेडचा विषय तिथेच मिटला. पाटी मी स्वतः केली, नाव खोलवर कोरून घेतलं, कडा घासून गोल केल्या, गाईच्या तोंडाला लागू नये म्हणून. ब्रेक तपासला. दोनदा. सर्वपित्री अमावास्येला मोटारी आल्या तेव्हा नीला गमबूट घालून पुढे आणि मागे गाडी ढकलत बाबूजी, मी आणि ओळखीचे-अनोळखी पुण्यवान, धापा टाकत, कुसळांना शिव्या देत उत्तरेच्या कोपऱ्यात. गाई आमच्या मागोमाग आल्या. त्या उंच काड्यांत आधी त्यांच्या पाठी दिसत होत्या, मग शिंगं, मग नुसता मोडणाऱ्या काड्यांचा आवाज...

गमबूट आता आमच्या घरी दाराशी असतात. रविवारी नीला जाते. मी बरोबर असतो, चपलेत. एरवी सकाळी दूध घालून झालं की भेरू फोन करतो. पूर्वी मला करायचा, आता नीलाला. ती पोळ्या लाटता लाटता स्पीकरवर टाकते आणि एकच विचारते, "आज ताई कुठे आहे?" आणि भेरू गव्हाणीची जागा सांगतो. परवा ती अंघोळीला गेली होती म्हणून फोन मी घेतला. "भिया, जीजी आज नाले की तरफ गयी." मी म्हटलं, "उधर घास कितनी है रे?"

"लाल के ऊपर है, भिया."

"फिर ठीक है," मी म्हणालो. "दो दिन वहीं रहने दे."